रस्त्याच्या कुठल्या बाजूला उभे होतात? मॅडलिन मॅककॅन केस आणि न जुळणाऱ्या साक्षी

३ मे २००७, गुरुवार. रात्री सव्वानऊच्या सुमाराला पोर्तुगालच्या दक्षिणेला प्राइया द लूझ नावाच्या गावात एका अरुंद रस्त्यावर तीन माणसं होती. दोन पुरुष उभं राहून गप्पा मारत होते आणि एक बाई त्यांच्या जवळून चालत गेली. बाई म्हणते मी दोघांना पाहिलं, दोघं म्हणतात आम्हाला ही दिसलीच नाही. बरं, ते दोघं रस्त्याच्या कुठल्या बाजूला उभे होते यावरही एकमत नाही, एक पुरुष म्हणतो पलीकडे, दुसरा पुरुष आणि ती बाई म्हणतात फ्लॅटच्याच बाजूला, म्हणजे ज्या फ्लॅटमधून त्या रात्री एक लहान मुलगी नाहीशी झाली त्याच्या. आणि हे तिघं एकमेकांचे दुश्मन नाहीत हां, एका रिसॉर्टमध्ये सुट्टीला आलेली सुशिक्षित माणसं. त्यातला एक तर हरवलेल्या मुलीचा बाप.

मी गोव्यात, म्हापशात फौजदारी वकिली करतो, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे पुढे माझा कल दिसला तर कुणाला नवल वाटू नये. मॅककॅन केसबद्दल मला लोक अजून विचारतात, कारण इथे ब्रिटिश टुरिस्ट कायम, आणि पोर्तुगालमध्ये प्रत्येक घराचा कुणी ना कुणी नातेवाईक. प्रश्न नेहमी तोच, की राव, संशयिताचं नाव माहीत आहे, तो त्याच भागात राहायचा हेही माहीत आहे, मग खटला का उभा राहत नाही? त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही म्हणून हे सगळं एकदा लिहून काढतोय.

आधी घटना थोडक्यात. इंग्लंडमधलं एक डॉक्टर जोडपं, केट आणि जेरी मॅककॅन, तीन लहान मुलं घेऊन मित्रांच्या ग्रुपबरोबर तिकडे गेलं होतं. थोरली मॅडलिन, चार वर्षांची व्हायला जेमतेम नऊ दिवस बाकी, धाकटी दोन जुळी. राहायला तळमजल्याचा कोपऱ्यावरचा फ्लॅट, ५ ए. कांदोळीला जसे पांढरे अपार्टमेंट आणि मध्ये स्विमिंग पूल असतात ना, डोळ्यांसमोर तसंच काहीतरी आणा. मोठी माणसं पूलच्या पलीकडे तापास रेस्टॉरंटमध्ये जेवायला बसायची, सरळ रेषेत पन्नासेक मीटरवर, आणि मधून मधून कोणीतरी उठून मुलांना बघून यायचं. त्या रात्री टेबलावर नऊ जण होते. नऊ वाजून पाच मिनिटांनी बाप बघून आला, सगळं ठीक. साडेनऊला एक मित्र बघून आला, त्याला खोलीचं दार उघडं दिसलं, आवाज काही नव्हता, जुळी दिसली, पण मॅडलिनचा पलंग दिसेल इतका तो आत गेला नाही. खिडकी उघडी होती की बंद, तेही त्याला नंतर सांगता येईना. दहाला आई गेली आणि मुलगी नव्हती.

म्हणजे सगळा प्रश्न ५५ मिनिटांचा. आणि त्या ५५ मिनिटांचा हिशेब नऊ माणसांच्या आठवणीवर.

आता एक गोष्ट सांगतो जी मला या अख्ख्या फाइलमध्ये सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि बातम्यांमध्ये ती उगाच गूढ म्हणून येते. त्या रात्री, पोलिसांनी कुणाचाही जबाब घ्यायच्या आधी, ग्रुपमधल्या एकाने कागदावर टाइमलाइन लिहिली, कोण कधी उठलं, कोण कधी परत आलं. कागद हाताशी नव्हता म्हणून लहान मुलांच्या स्टिकर बुकचं कव्हर फाडून त्यावर. दोन टाइमलाइन आहेत तशा. त्यात पाप काही नाही, घाबरलेली माणसं मदत करायला बघत होती, मीही तेच केलं असतं. पण फौजदारी वकिलाच्या हातात तो कागद दिलात तर तो पहिल्या पाच मिनिटांत विचारेल, की साहेब, ही तुमची आठवण की टेबलाची आठवण? साक्षीदार एकमेकांशी बोलायच्या आधी वेगवेगळे बसवायचे असतात. एकदा बोलले की नऊ साक्षी राहत नाहीत, दीड-दोन उरतात आणि बाकीच्या त्यांच्या झेरॉक्स.

मला हे असं पुस्तकातून कळलेलं नाही. मागच्या मार्चमध्ये आम्ही मांद्र्याला दोन रात्री राहिलो होतो, भावंडं, त्यांच्या बायका, मोठे भावोजी असे मोजून नऊ मोठे, पोरं मागच्या खोल्यांत झोपलेली आणि आम्ही पुढे शॅकवर चणक मासा आणि सोलकढी घेऊन बसलेलो. परत येताना गाडीत माझ्या डोक्यात आलं की अरे, हे तर तंतोतंत तेच. पुढच्या रविवारी सगळे घरी जमले तेव्हा मी प्रत्येकाला एकेक कागद दिला, की त्या रात्री पोरांना बघायला कोण उठलं, किती वाजता, अंगावर काय होतं, एवढंच लिहा, एकमेकांचं बघू नका. हसत हसत लिहिलं सगळ्यांनी. आठ कागद आले. मोठी वहिनी लिहिते मी एकदा उठले, सव्वानऊला. तीन जण लिहितात वहिनी दोनदा उठली. धाकटा भाऊ लिहितो वहिनी उठलीच नाही, मीच गेलो होतो. वहिनीचा आणि माझ्या बायकोचा कागद मात्र मिनिटाला मिनिट जुळला, अगदी वेटरचा शर्ट लाल होता इथपर्यंत. नंतर फोनमधले फोटो काढले तर वेटरचा शर्ट हिरवागार. दोघी शनिवारी फोनवर या ट्रिपबद्दल बोलल्या होत्या, बस.

आणि भावोजींनी लिहिलं होतं, मी जागेवरून हललोच नाही. सगळ्यांनी तेच लिहिलं होतं, भावोजी बसूनच होते. ९:४१ च्या फोटोत त्यांची खुर्ची रिकामी. मी फोटो दाखवल्यावर बहिणीकडे बघत गप्प बसले. मागाहून अंगणात मला म्हणाले, अरे, सिगारेट ओढायला गेलो होतो, सोडली म्हणून तिला सांगितलंय ना.

आता हेच प्रकरण पोलिसांत गेलं असतं तर? एक माणूस, खोटा जबाब, बरोबर त्याच वेळेला टेबलावरून गायब. सांगा बघू. साक्षीदार खोटं बोलतो ते बहुतेक वेळा गुन्ह्याबद्दल नसतंच, भलत्याच कुठल्यातरी बारक्या लाजेबद्दल असतं, आणि खरं बोलतो तेव्हाही घड्याळ बघून कोणी जेवत नाही. लूझच्या त्या टेबलावर कोणी काही लपवलं असं मी अजिबात म्हणत नाही, तसा काही पुरावा नाही. नऊ माणसांच्या जेवणाचा हिशेब असाच येतो एवढंच.

त्यात भाषा. ४ मे पासून जबाब झाले ते पोर्तिमांवच्या पोलीस ऑफिसात, साक्षीदार इंग्रजीत बोलतोय, दुभाषी पोर्तुगीजमध्ये सांगतोय, अधिकारी पोर्तुगीजमध्ये टाइप करतोय, मग तेच परत तोंडी इंग्रजीत ऐकवून सही. आम्हाला गोव्यात हे नवीन नाही. आमचा साक्षीदार कोंकणीत बोलतो, हवालदार मनातल्या मनात कधी मराठी कधी हिंदी करतो आणि लिहितो इंग्रजीत, आणि कोर्टाचं रेकॉर्डही इंग्रजीत. माझ्या एका केसमध्ये म्हातारी म्हणाली होती, 'तिनसांज जाल्ली'. कागदावर आलं, संध्याकाळी अंदाजे ६. पावसाळ्यात ढग असले की आमच्याकडे तिन्हीसांज सहालाच होते, पण एप्रिलमध्ये सात वाजून जातात. उलटतपासणीत म्हातारीने सांगितलं, दिवे लागले होते, सात तरी झाले असतील. मी लगेच तिचा जबाब पुढे केला, त्या भागावर 'पोर्शन मार्क ए' अशी खूण करून घेतली, आणि पुढे तो तपास अधिकाऱ्याकडून सिद्ध करून घेतला. विसंगती तयार. म्हातारी खोटं बोललीच नव्हती, विसंगती हवालदाराच्या पेनात होती, पण फायदा माझ्या अशिलाला झाला. अभिमानाने सांगत नाही, काम असंच चालतं एवढं सांगतोय.

परत त्या रस्त्यावर येऊ. ती बाई, म्हणजे ग्रुपमधलीच एक मैत्रीण, तिने सव्वानऊला दोन पुरुषांच्या जवळून जाताना आणखी एक गोष्ट पाहिली होती, पुढे एक माणूस हातांवर लहान मूल आडवं घेऊन रस्ता ओलांडताना. वय ३५ ते ४०, उंची १७० सेंटीमीटरच्या आसपास, गडद जाकीट, फिक्या रंगाची पँट, मुलाच्या अंगात फिके गुलाबी पायजमे, पाय उघडे. चेहरा नाही दिसला. हे वर्णन लोकांपुढे यायला २५ मे उजाडला, तीन आठवडे, आणि ऑक्टोबरमध्ये चित्र काढलं ते बिनचेहऱ्याचं. पण या एका साक्षीने काय केलं बघा. तिने घड्याळ बांधून टाकलं. मुलगी सव्वानऊला गेली असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं, त्यामुळे सव्वानऊला दुसरीकडे असणारा प्रत्येक जण आपोआप सुटल्यासारखा, आणि सव्वानऊ ते दहा हा वेळ कुणी नीट खोदलाच नाही.

सहा वर्षांनी, ऑक्टोबर २०१३ मध्ये स्कॉटलंड यार्डचे अधिकारी अँडी रेडवुड यांनी जाहीर केलं की तो माणूस बहुधा एक साधा ब्रिटिश पर्यटक होता, रिसॉर्टच्या पाळणाघरातून आपलीच झोपलेली मुलगी घेऊन परत चाललेला. कपडेही जुळत होते. म्हणजे बाईने पाहिलं ते खरंच पाहिलं होतं, डिटेल्ससकट. फक्त त्याचा गुन्ह्याशी संबंध नसावा. खऱ्या साक्षीने खोट्यापेक्षा जास्त नुकसान करावं याचं याहून मोठं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

मग लक्ष गेलं दुसऱ्या साक्षीकडे. एक आयरिश कुटुंब, त्याच रात्री दहाच्या सुमाराला, फ्लॅटपासून पावणेपाचशे मीटरवर, समुद्राच्या दिशेने मुलगी घेऊन जाणारा पुरुष. मुलगी तीन-चार वर्षांची, माणूस पस्तिशीच्या आसपास, उंची १७५ ते १८०, केस आखूड, तपकिरी, पँट बदामी. यांच्या सांगण्यावरून खाजगी डिटेक्टिव्हनी २००८ मध्ये चेहऱ्याची चित्रं तयार केली होती आणि ती लोकांपुढे आली कधी, तर २०१३ ला. आणि याच साक्षीचा दुसरा भाग असा की सप्टेंबर २००७ मध्ये मॅककॅन कुटुंब इंग्लंडला परतलं, बाप मुलाला खांद्यावर घेऊन विमानातून उतरतोय असं टीव्हीवर दिसलं, आणि त्या कुटुंबातल्या वडिलांना वाटलं, अरे, चाल तशीच. ६० ते ८० टक्के खात्री, असं त्यांनी सांगितलं. पण दहाच्या सुमाराला बाप रेस्टॉरंटमध्ये होता असं सांगणारे अनेक साक्षीदार होते, आणि पुढे त्या गृहस्थांनीही आपली चूक झाली असावी हे मान्य केलं.

साठ ते ऐंशी टक्के. टीव्हीवरचा तो सीन पाहून चार महिन्यांपूर्वीच्या अंधारातला माणूस आठवणं. आपल्याकडे ओळख परेड होते ती अशासाठीच, आणि आरोपीचा फोटो आधी पेपरात आला असेल तर त्या परेडला कोर्ट फारशी किंमत देत नाही, ते पण अशासाठीच.

तिसरं कोडं जवळच राहणाऱ्या एका ब्रिटिश-पोर्तुगीज माणसाचं. तो पोलिसांना भाषांतराला मदत करत होता, आणि मेच्या मध्यालाच पोलिसांनी त्याला आर्ग्वीदु केलं. आमच्याकडच्या जुन्या वकिलांना हा शब्द नवीन नाही, पोर्तुगीज पद्धतीत संशयिताला औपचारिक दर्जा देतात, त्यात त्याला गप्प बसायचा हक्क मिळतो आणि वकीलही मिळतो, आरोपपत्र झालं असा त्याचा अर्थ नाही. ग्रुपमधले तिघं म्हणाले, मुलगी गेल्यावर त्या रात्री हा रिसॉर्टपाशी होता. तो म्हणाला मी घरी, आईही म्हणाली घरी. जुलैमध्ये पोलिसांनी त्याला आणि त्या तिघांना समोरासमोर बसवलं, पोर्तुगीज कायद्यात याची रीतसर सोय आहे. दोन्ही बाजू आपापल्या म्हणण्यावर ठाम. पुढे त्याच्याविरुद्ध काहीच निघालं नाही, २००८ च्या जुलैमध्ये दर्जा काढला, आणि त्याच महिन्यात ब्रिटिश पेपरांनी त्याला बदनामीची ६ लाख पाउंड भरपाई दिली. म्हणजे तिघं एकसारखं सांगतात म्हणून ते बरोबरच, असंही नाही.

सप्टेंबर २००७ मध्ये आई-बापही आर्ग्वीदु झाले होते, २१ जुलै २००८ ला तेही संपलं, पुरावा नाही म्हणून. केस बंद करताना सरकारी वकिलांनी एक खंत नोंदवली, की ग्रुपने परत येऊन त्या रात्रीचा प्रसंग जागेवर पुन्हा करून दाखवला असता तर बरंच काही स्पष्ट झालं असतं. ते झालं नाही. म्हणून तो रस्ता, ते दोन पुरुष, ती बाई, कोण कुठे उभं होतं, हे कागदावरच राहिलं.

आणि मग ऑगस्ट २००८ मध्ये पोर्तुगालने फाइल खुली केली. ११ हजारांहून जास्त पानं, प्रेसला सीडीवर. जबाब, नकाशे, वर्णनं, सगळं. याचा अर्थ वकिलाच्या नजरेने बघा. त्यानंतर जो कोणी साक्षीदार पुढे येईल त्याला पहिला प्रश्न हाच, की हे तुला माहीत होतं की तू वाचलंस? गुन्हेगाराशिवाय कुणालाच माहीत नसेल असं पोलिसांनी राखून ठेवलेलं एखादं डिटेल असतं ना, ती गाठ सुटली.

आता संशयित. ख्रिस्तिआन ब्रूकनर, जर्मन, आधीच लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेला, त्या काळात त्याच भागात राहायचा. जून २०२० मध्ये जर्मन पोलिसांनी त्याला संशयित म्हणून पुढे आणलं. जर्मन कायदा आपल्या नागरिकाला परदेशातल्या गुन्ह्यासाठी घरी पकडतो, म्हणून केस ब्राउनश्वाइगच्या सरकारी वकिलांकडे. त्यांचं म्हणणं मुलगी जिवंत नाही. लंडनचे पोलीस मात्र ही केस हरवलेल्या व्यक्तीची म्हणूनच चालवतात. दोन देशांच्या यंत्रणांचीच साक्ष जुळत नाही म्हणा ना. पुरावा म्हणून लोकांपुढे आलं ते असं, त्या रात्री ७:३२ ला त्याच्याशी जोडलेल्या मोबाइल नंबरवर लूझच्या परिसरात एक कॉल आला, अर्धा तास चालला. दुसऱ्या दिवशी त्याची जॅग्वार दुसऱ्याच्या नावावर झाली. आणि एक जुना साथीदार, जो म्हणतो २००८ मध्ये स्पेनमधल्या एका फेस्टिव्हलला तो मला म्हणाला होता की ती ओरडली नाही.

कॉल संपला ८:०२ ला, मुलगी नऊ नंतर गेली. फोन कुणाच्या हातात होता हे टॉवर सांगत नाही. त्या वेळी तो फ्लॅटपाशी दिसला असं सांगणारा एकही साक्षीदार लोकांपुढे आलेला नाही. राहिला तो साथीदार.

त्याची किंमत काय, हे कळायला दोन वेगळे खटले शेजारी ठेवून बघावे लागतात, आणि माझ्या मते ही केस कुणाला शिकायची असेल तर ती इथे आहे. पहिला, डिसेंबर २०१९, ब्राउनश्वाइग कोर्ट, २००५ मध्ये लूझमध्येच एका ७२ वर्षांच्या अमेरिकन बाईवर झालेला बलात्कार. तो साथीदार आणि आणखी एक जण म्हणाले, आम्ही त्याच्या घरात चोरी करायला गेलो तेव्हा अशा अत्याचाराचं व्हिडिओ शूटिंग आमच्या हाती लागलं होतं. टेप कुठेच सापडली नाही. चोरी करायला गेलेले साक्षीदार, आणि नसलेली टेप. पण बाईच्या पलंगावर एक केस सापडला होता आणि डीएनए जुळला. सात वर्षांची शिक्षा. मराठीत गंमत आहे बघा, केस उभी राहिली ती एका केसावर.

दुसरा, फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला, तेच कोर्ट, पोर्तुगालमध्ये २००० ते २०१७ मधले पाच वेगवेगळे लैंगिक गुन्हे. पुन्हा तोच साथीदार, पुन्हा न सापडलेल्या टेपचं वर्णन. एका पीडित महिलेने जवळजवळ वीस वर्षांनी त्याला डोळ्यांवरून ओळखलं, पण तोपर्यंत त्याचा फोटो जगभर छापून झाला होता. या वेळी केस नव्हता, काहीच नव्हतं, नुसत्या साक्षी. ८ ऑक्टोबर २०२४ ला पाचही आरोपांतून निर्दोष. साक्षीदार भरवशाचे नाहीत असं कोर्टाने सांगितलं.

साथीदार तोच, तोंड तेच. एकदा विश्वास ठेवला, एकदा नाही. लोक याला कोर्टाचा दुटप्पीपणा म्हणतात, मला तो नाही वाटत. आपल्या सुप्रीम कोर्टाने वडिवेलु थेवर केसमध्ये १९५७ मध्येच साक्षीदारांचे तीन ढीग करून ठेवलेत, पूर्ण भरवशाचा, अजिबात भरवशाचा नसलेला, आणि मधला. मधल्याला आधार लागतो. जगातले नव्वद टक्के फौजदारी खटले या मधल्यांवर चालतात, आणि हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, कुठे छापू नका.

मॅडलिन केसमध्ये उद्या आरोपपत्र आलंच तर बचाव पक्षाला काय करावं लागेल? मी बसलो असतो तर नवीन साक्षीदाराला नंतर हात लावला असता, आधी जुनी फाइल उघडली असती. लंडन पोलिसांनी २०२० मध्ये दिलेलं ब्रूकनरचं २००७ सालचं वर्णन, आखूड सोनेरी केस, उंची ६ फुटांच्या आसपास. आयरिश कुटुंबाचा माणूस तपकिरी केसांचा, जास्तीत जास्त १८०. ६ फूट म्हणजे १८३. तीन सेंटीमीटर म्हणजे काहीच नाही, अंधारात तर नाहीच, पण केसांचा रंग आहे, आणि मुख्य म्हणजे मूल घेऊन जाणारा तो माणूस जर हा नसेल, तर तो कोण? सरकारी वकिलाला याचं उत्तर द्यावं लागेल, कारण तो माणूस सरकारच्याच फाइलमध्ये बसलेला आहे. काही लोकांनी त्या दिवसांत फ्लॅटच्या आसपास सोनेरी केसांचे पुरुष घोटाळताना पाहिल्याचं सांगितलं होतं, सरकारी वकिलाला ते हवंहवंसं वाटेल. पण तुम्ही सोनेरी केसवाले साक्षीदार घेतलेत आणि तपकिरी केसवाले बाजूला ठेवलेत तर मी ते बोलवणार. टीव्हीवरून ६० ते ८० टक्के ओळखणारी साक्ष मी बोलवणार. तीन साक्षीदारांनी शेजाऱ्याला पाहिलं, ते बोलवणार. कुठल्या बिचाऱ्याला परत गुन्हेगार ठरवायला नव्हे, तर एवढंच दाखवायला की या रात्रीबद्दल चांगली माणसं खात्रीने बोलली आणि चुकली, मग तुमचा २००८ च्या फेस्टिव्हलमधला साक्षीदार कशावरून चुकत नाही?

जुन्या जबाबांची ही गोम आहे. एका संशयितासाठी घेतलेला जबाब त्या संशयिताबरोबर जात नाही, फाइलमध्येच राहतो आणि पुढच्या आरोपीच्या कामी येतो. तपास जितकी वर्षं चालला तितका हा साठा वाढत गेला.

आता कोणी म्हणेल, मग काय सगळेच आरोपी सुटणार? नाही ना. १९८३ च्या भरवाडा भोगीनभाई केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की साक्षीदाराची आठवण म्हणजे व्हिडिओ टेप नव्हे, वेळ सांगताना माणूस अंदाजच करतो, बारीकसारीक फरकावरून साक्ष फेकून देता येत नाही. उलट सगळ्यांच्या साक्षी शब्दाला शब्द जुळल्या तर शहाणा जज्ज आधी संशय घेतो. रस्त्याची बाजू कुठली, हा फरक बारीक आहे, मी स्वतः त्यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त घालवणार नाही. पण प्रत्यक्ष पाहिलेला कोणी नसेल आणि सगळं परिस्थितीजन्य असेल तर १९८४ च्या शरद सारडा केसचं माप लागतं, साखळीची प्रत्येक कडी सिद्ध हवी आणि आरोपी सोडून दुसरी कुठलीच शक्यता उरता कामा नये. इथे फाइलच तीन शक्यता घेऊन उभी आहे. जर्मन कोर्ट सारडा वाचत नाही, पण संशयाचा फायदा तिकडेही आरोपीलाच.

गोव्यातही आम्ही हे जवळून पाहिलंय. २००८ मध्ये हणजुणच्या (अंजुनाच्या) किनाऱ्यावर १५ वर्षांची ब्रिटिश मुलगी मृत सापडली, आधी बुडून मेली असं सांगितलं गेलं, मग खून-अत्याचाराची केस झाली, महत्त्वाचा परदेशी साक्षीदार साक्षीला आलाच नाही. २०१६ मध्ये पणजीच्या बाल न्यायालयाने दोघांनाही सोडलं, २०१९ मध्ये हायकोर्टाने त्यातल्या एकाला दोषी धरून १० वर्षं दिली, दुसऱ्याची सुटका कायम. मधे ११ वर्षं. पुरावा तोच होता, वाचणारे वेगळे होते.

मूल हरवल्यावर आपल्याकडे २०१३ पासून सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे की लगेच एफआयआर करायचा आणि अपहरण धरूनच तपास सुरू करायचा. चांगलाच आदेश. पण मला कुणी विचारलं की पहिल्या रात्री पोलिसांनी काय करावं, तर मी सांगेन की शोध चालू असतानाच एक हवालदार नुसता माणसं वेगळी करायला ठेवा. प्रत्येकाला वेगळी खुर्ची, वेगळा कागद, त्याच्याच भाषेत त्याच्याच शब्दांत, 'तिनसांज' तर 'तिनसांज', सहा वाजता नको. आणि प्रत्येकाच्या फोनमधले त्या संध्याकाळचे फोटो, लगेच. लूझला पोलीस आले तेव्हा अकरा वाजून गेले होते, बंद होईपर्यंत फ्लॅटमधून वीसेक माणसं फिरून झाली होती आणि स्टिकर बुक फाटायचं ते फाटलं होतं.

ब्रूकनर १७ सप्टेंबर २०२५ ला शिक्षा भोगून बाहेर आला. त्याआधी लंडन पोलिसांनी चौकशीसाठी विचारलं होतं, त्याने नाही म्हटलं, तो त्याचा हक्क आहे. सुटला त्या दिवसापर्यंत मॅडलिनबाबत त्याच्यावर आरोपपत्र नव्हतं, आरोप तो नाकारतो. त्याच वर्षी जूनमध्ये लूझच्या आसपासच्या पडक्या घरांत आणि झाडीत पुन्हा खोदून शोध झाला होता. साक्षीदार शोधत नव्हते तिथे. कापडाचा तुकडा, हाड, केस, असं काहीतरी.